खवलेला नारळ

लीड्स
रविवार, ५ फेब्रुवारी १९९५

रेखा,

शनिवार, १२ जून १९९३ रोजी, तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, वॉटफर्डच्या घरी जे झालं ते असं :

१. सकाळी नऊला मी लीड्सहून आले. माझ्या बॅगेत व्हॅनिला आइस्क्रीमचा एक जुना टब होता. टबमध्ये ओल्या कापसात गुंडाळलेला एक शंख होता आणि शंखात गोगलगाय होती. जात : कोनस जिऑग्राफस. समुद्रातली, विषारी, मासे मारून खाणारी.

२. टबच्या झाकणावर मी मार्करने ‘खवलेला नारळ’ असं लिहिलं होतं. टब मी फ्रीजरच्या दारात ठेवला.

३. अकरा वीसला बर्फीसाठी नारळ कमी पडला म्हणून आत्याने, म्हणजे तुझ्या आईने, तो टब काढून उघडला.

४. आत शंख बघून तिला वाटलं, मी रुखवतासाठी गुपचूप आणलेली भेट आहे. तिने तो नळाच्या कोमट पाण्याखाली धुतला, पदराने पुसला आणि हातात धरून सुप्रभाकाकूंना दाखवला. तेव्हा तिच्या उजव्या तर्जनीला काहीतरी टोचलं. ती म्हणाली, “कड लागली वाटतं.”

५. अकरा चाळीसला तिचे ओठ बधिर झाले. ती कोचावर बसली.

६. नवरामुलगा गिरीश हॉलच्या खुर्च्यांचं विचारायला आला होता. त्याने तिला तपासलं. ग्रहमख एक वाजता होता आणि तोपर्यंत तिला उपास होता. साखर कमी झाली असेल, असं तो म्हणाला. तिला साखरपाणी दिलं आणि वरच्या खोलीत झोपवलं. पावणेबारा वाजले होते.

७. बारा दहाला तू चहा घेऊन वर गेलीस. तिचा श्वास बंद होता.

८. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत बारा मिनिटं गिरीशने तिला तोंडाने श्वास दिला.

९. आत्याला स्ट्रोक आला नव्हता. त्या गोगलगायीचं विष अंगात गेलं की स्नायू एकेक करून बंद पडतात, शेवटी श्वासाचे. माणूस शुद्धीत असतो, पण हाक मारू शकत नाही.

१०. गोगलगाय जिवंत होती. मला ती मेलेली वाटत होती.

११. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

त्या रात्री आत्या मशीनवर होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती स्वतःचा श्वास घेऊ लागली आणि सगळे म्हणाले, वाचली. नंतर कळलं की श्वासाविना गेलेली ती मिनिटं तिच्या डोक्यातून काय काय घेऊन गेली आहेत. घरात सगळे म्हणतात की गिरीशने तिला वर एकटीला झोपवलं नसतं तर ही वेळ आली नसती. तो डॉक्टर, त्यातून भूल देण्याचं शिक्षण घेणारा, माणसाचा श्वास सांभाळणं हेच त्याचं काम. त्याला कसं समजलं नाही. वर लिहिलेलं वाचून तुझ्या लक्षात येईल की त्याला समजण्यासाठी जी माहिती लागली असती ती माझ्याकडे होती.

हे मी आत्ताच का लिहिते आहे, तेही सांगते. १४ जानेवारीला इथल्या मंडळाच्या तिळगुळाला गिरीशचा भाऊ विनय भेटला. तो इथे लीड्सच्याच एका हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढतो. मी रीत म्हणून विचारलं, “गिरीश कसा आहे?”

“मिल्टन कीन्सला आहे. कॉम्प्युटरवर लोकांच्या गाड्यांचे इन्शुरन्स बघतो.”

“आणि हॉस्पिटल?”

“दीड वर्ष झालं पेशंटला हात लावून. म्हणतो, समोरचं माणूस मरतंय की उपाशी आहे ते मला ओळखता येत नाही. आई म्हणते लग्न मोडलं म्हणून. मी म्हणतो लग्न काय, मोडतात लग्नं. पण इतकी वर्षं घासून परीक्षा दिल्या आणि आता तिथले राउंडअबाउट, ते गोल चौक, मोजत बसलाय.”

मग त्याने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. मी तो खाल्ला. घरी येऊन हे पत्र लिहायला मला तीन आठवडे लागले.

मराठीत लिहिते आहे कारण काकांनाही वाचता यावं. आणि आपण एकमेकींना मराठीतच लिहायचं, ही आत्याची अट होती.

सुनीती


लीड्स
रविवार, २६ फेब्रुवारी १९९५

रेखा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पाच ओळी आणि तीन प्रश्न. ‘येऊ नकोस’ हे अधोरेखित केलं आहेस. येणार नाही. प्रश्नांची उत्तरं तुझ्या क्रमाने देते.

“फुल शेल कशाला पाहिजे होतं?”

माझं काम तुला मी कधी नीट सांगितलं नाही. आमच्या लॅबमध्ये या गोगलगायींच्या विषातून वेदना थांबवणारं औषध निघेल का, ते बघतात. माझ्याकडे आठ टाक्या आहेत. पाण्याचं तापमान, खारटपणा, कुणी मासा खाल्ला, कुणी नाही, हे सगळं मी रोज रजिस्टरमध्ये लिहिते. ती वाळूत पुरून बसते, फक्त एक नळी वर काढून पाणी हुंगते. मासा जवळ आला की तोंड जाळ्यासारखं पसरून त्याला आत घेते आणि मग पोकळ दातातून विष टोचते. मासा धडपडतही नाही. पाच वर्षं मी हे लांब चिमट्याने करते आहे, हाताने एकदाही नाही.

एखादी मेली की तिचा शंख लोखंडी शिकंज्यात धरून फोडायचा आणि विषाची नळी अखंड बाहेर काढायची, अशी पद्धत आहे. म्हणून आमच्याकडे शंख असतात ते ठिकऱ्यांच्या रूपात. बादलीभर.

मे महिन्यात आत्याचा फोन आला होता. तेव्हाची आत्या तुला आठवते, मलाही आठवते.

“रुखवताला समुद्र करतेय. निळ्या साटिनचा. सुप्रभा शिंपल्यांचा गणपती करतेय आणि मंजिरीने मोत्यांची होडी केली. तुझ्या लॅबमध्ये म्हणे शंख असतात. एक दे पाठवून.”

“फुटलेले असतात, आत्या.”

“सगळे?”

“सगळे.”

“फोडायला ठेवलंय का तुला तिथे? अगं, नवरीच्या बहिणीने काय आणलं असं सासरचे विचारतील. काय सांगू? ठिकऱ्या?”

नवरीची बहीण. मामेबहीण नाही म्हणाली. आई गेल्यावर बाबांनी मला बारा वर्षांची असताना तुमच्याकडे पाठवलं, तेव्हापासून ती कधीच मामेबहीण म्हणाली नाही. मी म्हटलं, बघते.

“मग लॅबमधून घेतलास कसा?”

सहा नंबरच्या टाकीतल्या एकीने नऊ दिवस मासा खाल्ला नव्हता. नळी बाहेर येत नव्हती. शंख सुंदर होता, पिवळसर पांढऱ्यावर तपकिरी जाळी, एक ओरखडा नाही. गुरुवारी १० जूनला मी रजिस्टरमध्ये लिहिलं : ‘मृत. कुजलेली. टाकून दिली.’ कुजलेल्या प्राण्याची विषाची नळी उपयोगाची नसते, म्हणून तो फोडत नाहीत. कुजलेलं लिहिलं की कुणी विचारत नाही.

शंख न फोडता रिकामा करायचा असेल तर आधी गोठवायचा आणि मग पाण्यात ठेवायचा. मांस आपोआप सुटून येतं. माझी योजना अशी होती की शनिवारी दिवसभर तो तुमच्या फ्रीजरमध्ये राहील आणि संध्याकाळी सगळ्या हॉलवर गेल्या की मी तो मागच्या अंगणात साफ करीन. टबवर नारळ लिहिलं कारण ग्रहमखाच्या दिवशी आत्या त्या फ्रीजरमध्ये प्राणी ठेवू देणार नाही, हे मला माहीत होतं. आपल्या घरात आइस्क्रीमच्या टबमध्ये आइस्क्रीम कधीच नसतं. सगळे झाकणावरचं वाचतात.

फ्रीजर त्या दिवशी दर पाच मिनिटांनी उघडला जात होता. नंतर मी लॅबमध्ये तसाच टब, तितकाच ओला कापूस आणि थर्मामीटर घेऊन मोजून बघितलं. दोन तास वीस मिनिटांनी आतलं तापमान सहा अंश होतं. गोठलेली नव्हती, फक्त गारठली होती. कोमट पाण्याने तिला जाग आली.

“डेड होता की नव्हता? येस ऑर नो.”

नव्हता. गुरुवारी मी चिमट्याने तिच्या पायाला स्पर्श केला तेव्हा पाय आत ओढला गेला होता. फार सावकाश, पण ओढला गेला होता. हे बघितल्यावर मी ‘मृत’ लिहिलं. तेव्हा मागच्या पत्रातलं दहाव्या क्रमांकाचं दुसरं वाक्य खोटं आहे. ते खोडून वाच.

इतकी आजारी आहे की शनिवारपर्यंत मरेलच, असा माझा हिशोब होता.

सुनीती


लीड्स
रविवार, १९ मार्च १९९५

रेखा,

हो. गिरीशने मला विचारलं होतं.

या वेळी तू एकच ओळ लिहिलीस. दोन वेळा मी पत्र लिहिलं आणि दोन्ही वेळा हे वाक्य टाळलं. पहिल्या पत्रातल्या सहाव्या क्रमांकात ते यायला हवं होतं. ते असं :

आत्या कोचावर बसली होती. गिरीशने तिचं बोट खिडकीकडे धरून बघितलं. लाल ठिपका होता, मोहरीएवढा. तो माझ्याकडे वळून म्हणाला, “सुनीती, तो शंख तू आणलास ना? आत काही आहे का?”

खोलीत सात बायका होत्या. काका कद नेसून दारात उभे होते, गुरुजी किती वाजता येणार ते विचारायला. मी उत्तर द्यायच्या आधी सुप्रभाकाकू म्हणाल्या, “अहो जावईबापू, शंखात काय असणार? लक्ष्मी असते! तुम्ही आता उद्या या बघू, आजच सासूचा हात धरून बसलात.” सगळ्या हसल्या. आत्याही हसली. तिचं हसू एका बाजूला जरा उतरलेलं होतं. मी ते बघितलं.

गिरीश हसला नाही. तो थांबून राहिला होता.

मी म्हणाले, “नाही. रिकामा आहे.”

त्यानंतर तो साखरपाण्याचं म्हणाला.

मी असं का म्हणाले याचं उत्तर मी इतके महिने ‘नोकरी’ असं देत आले, म्हणजे स्वतःला. लॅबचा प्राणी चोरून आणला, रजिस्टरमध्ये खोटं लिहिलं, कळलं असतं तर काढून टाकलं असतं. हे कारण बरं वाटतं, कारण त्यात काहीतरी गमावण्यासारखं आहे. पण त्या क्षणी नोकरी माझ्या मनातही आली नव्हती. माझ्या मनात आलं ते असं : सोवळ्यातल्या चक्क्याशेजारी मी मांस ठेवलं होतं, आणि झाकणावर नारळ लिहिलं होतं, आणि त्याच हाताने आत्याने आता नैवेद्याची बर्फी थापली आहे. सात बायकांसमोर आणि काकांसमोर हे सांगावं लागेल.

तू त्या घरात रोज रागावून घ्यायचीस. उशिरा आलीस, भांडी तशीच ठेवलीस, फोनवर तासभर बोललीस. मला त्या घरात चौदा वर्षांत एकदाही कुणी रागावलं नाही, कारण मी तशी वेळच येऊ दिली नाही. मला ते टिकवायचं होतं. बाकी काही नाही.

अजून दोन गोष्टी. तू विचारलेल्या नाहीस, पण एकीबद्दल तुला माहीत आहे.

एक. गिरीश खुर्च्यांचं विचारायला काकांकडे बाहेरच्या खोलीत गेल्यावर मी रुखवताच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. आत्याने शंख निळ्या साटिनवर मधोमध ठेवला होता. बारा वाजून गेले होते. शंखाच्या टोकातून नळी बाहेर आली, इकडे तिकडे फिरली आणि आत गेली. मी जिन्याकडे निघाले. तिसऱ्या पायरीवर असताना तुझी किंकाळी ऐकली. मी निघाले होते हे खरं आहे, पण ते माझ्या बाजूने मांडू नकोस.

दोन. पुढच्या रविवारी, २० जूनला, तू मला त्याच जिन्यावर गाठलंस. तुझ्या हातात हॉलवरून परत आलेल्या पत्रावळींचं बोचकं होतं. तू म्हणालीस, “गिरीश सांगतोय की त्याने तुला शंखाबद्दल विचारलं होतं. तू नाही म्हणालीस म्हणून तो फसला. खरंय का हे?”

मी म्हणाले, “मला आठवत नाही.”

तू म्हणालीस, “म्हणजे नाहीच विचारलं. तू काही विसरत नाहीस. स्वतःची चूक तुझ्यावर ढकलतोय. आई हॉस्पिटलमध्ये आणि याला आपली पाठ सांभाळायची आहे. आणि ढकलतो कुणावर, तर तुझ्यावर!”

मी बोचक्याचं एक टोक धरलं आणि आपण ते माळ्यावर ठेवलं.

तू अंगठी परत पाठवलीस ती मंगळवारी. घरात सगळे समजतात की आत्याला वर झोपवलं म्हणून तू लग्न मोडलंस. तू ते त्यासाठी मोडलं नव्हतंस. चूक तू माफ केली असतीस. तू मोडलंस कारण तुला वाटलं, तो खोटं बोलला, आणि तेही माझ्याबद्दल. तो खोटं बोलला नव्हता. हे जगात दोघांना माहीत होतं, त्याला आणि मला.

म्हणून मी यायची बंद झाले. कामाचं कारण सांगितलं. लॅबला सुट्टी असते.

सुनीती


लीड्स
रविवार, ९ एप्रिल १९९५

रेखा,

तुझी चिठ्ठी २५ मार्चला मिळाली. “त्याला लिहू नकोस. मी बघते.” त्यानंतर पंधरा दिवस झाले. तू त्याला फोन केलास का, पत्र लिहिलंस का, मला माहीत नाही. विनयकडून एवढं कळतं की गिरीशला अजून काही माहीत नाही.

मधल्या काळात मी काय केलं ते सांगते.

२७ मार्चला मी लॅबच्या प्रमुखांना सगळं सांगितलं आणि रजिस्टरचं ते पान दाखवलं. ३१ तारखेला मला काढलं. त्यांनी योग्य केलं. माझ्या टाक्या आता दुसरी एक मुलगी बघते. चिमटा कसा धरायचा ते मी तिला दोनदा दाखवून आले.

बुधवारी, ५ एप्रिलला, मी वॉटफर्डला गेले. तू येऊ नकोस म्हणाली होतीस. मी मुद्दाम बुधवार निवडला, कारण त्या दिवशी तू ऑफिसला असतेस. काकांनी दार उघडलं आणि ‘ये’ म्हणाले.

स्वयंपाकघरात कपाटांवर तुझ्या अक्षरातले कागद बघितले. ‘गॅस बंद केला का?’ ‘गोळी घेतली. परत घेऊ नको.’ मराठीत लिहिलेस. आत्या टेबलाशी बसली होती. तिच्यासमोर मंगलाष्टकांची वही होती, तुझ्या लग्नासाठी करायला घेतलेली. तिसऱ्या कडव्यात थांबलेली. वॉटफर्डपासून बर्मिंगहॅमपर्यंतच्या तीस-पस्तीस लग्नांत नवरानवरीची, आईवडिलांची, आजोळची नावं एकेका कडव्यात चपखल बसवणारी बाई. तिने पहिली ओळ चालीवर म्हटली, दुसरीवर आली, मग माझ्याकडे बघून विचारलं, “पहिली काय होती गं?” मी वाचून दाखवली. तिने पुन्हा म्हटली. पुन्हा विचारलं. चार वेळा.

मग मी वही मिटली आणि तिला सांगितलं. तुला पत्रात लिहिलं तितकंच आणि त्याच क्रमाने.

ती मन लावून ऐकत होती. मग म्हणाली, “फ्रीजरमध्ये? ग्रहमखाच्या दिवशी? माझ्या चक्क्याशेजारी?”

“हो.”

“गाढव! बारा वर्षांची होतीस तेव्हापासून सांगतेय, सोवळ्याच्या दिवशी फ्रीज उघडायच्या आधी विचारायचं! आणि गोगलगाय! कोलंबी असती तर म्हटलं असतं, पोरीला खावीशी वाटली. गोगलगाय कशाला आणलीस कपाळ?”

“तू शंख मागितला होतास, आत्या.”

“मग शंख आणायचास. शंखाच्या आत राहणारी कशाला?” मग माझ्याकडे नीट बघितलं. “आणि गिरीशने विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?”

“तू रागावशील म्हणून.”

“रागावलेच असते! ओरडले असते दोन मिनिटं. मग बर्फी टाकून दिली असती आणि तुला फ्रीजर पुसायला लावला असता. एवढंच ना?” तिने माझं मनगट धरलं. तिच्या त्या हातात अजून नीट जोर नाही, पण तिने घट्ट धरलं. “आणि त्या पोराला तुम्ही सगळे बोल लावताय? त्याला कुणी सांगितलं की नाही?”

मी म्हटलं, “अजून नाही.”

“मग काय मुहूर्त बघताय?”

काका चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. किती वेळ ते मला माहीत नाही. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, कप सरळ केले आणि बागेत निघून गेले. खिडकीतून दिसत होतं, ते कुंपणापाशी पाठ करून उभे होते.

आत्याने चहा घेतला. दहाएक मिनिटांनी तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला. म्हणाली, “अगं, तू कधी आलीस? बरं झालं लवकर आलीस. रेखाच्या लग्नाची किती कामं पडलीत.”

मी पुन्हा सांगितलं असतं तर ती पुन्हा तितकीच रागावली असती. मी पुन्हा सांगितलं नाही. कपबश्या विसळल्या.

स्टेशनवर काकांनी गाडीने सोडलं. वॉटफर्ड जंक्शनला गाडी लावल्यावर इंजिन बंद केलं आणि समोर बघतच म्हणाले, “मी त्या मुलाला घरातून जा म्हणालो होतो. माझ्या तोंडाने.”

मी म्हटलं, “मी आज त्याला लिहिते.”

“रेखाला आधी विचार. आयुष्य तिचं आहे, तिला एकदा त्यावर बोलू दे. पण फार दिवस विचारत बसू नकोस.” मग दार उघडण्यासाठी माझ्या बाजूला वाकले आणि म्हणाले, “पत्र काय लिहितेस, तेही तिला दाखव.”

म्हणून सोबत गिरीशला लिहिलेल्या पत्राची प्रत जोडली आहे. दीड पान आहे. त्यात तुझ्याबद्दल एकच वाक्य आहे : तू मला जिन्यावर विचारलंस आणि मी आठवत नाही म्हणाले. तुझ्या मनात आज काय आहे ते मला माहीत नाही, म्हणून ते लिहिलेलं नाही. तू त्याला कधी भेटावंस किंवा भेटू नयेस, याच्याशी माझा संबंध नाही. मी त्यावरचा हक्क २० जूनला घालवला.

आता तारखांचं. गिरीशच्या जुन्या कन्सल्टंटने, म्हणजे वरिष्ठ डॉक्टरने, हॉस्पिटलमधल्या ऑगस्टपासूनच्या एका जागेसाठी त्याला अर्ज करायला सांगितलं आहे. अर्जाची शेवटची तारीख शुक्रवार, २८ एप्रिल. विनय म्हणतो, फॉर्म टेबलावर पडून आहे, त्यावर त्याने चहाचा कप ठेवला आहे. ही जागा गेली तर दोन वर्षं बाहेर राहिलेल्या डॉक्टरला पुन्हा कुणी बोलावेलच असं नाही. फॉर्म भरावा की नाही हे त्याने ठरवायचं आहे, पण त्या दिवशी त्याने नेमका प्रश्न विचारला होता आणि त्याला खोटं उत्तर मिळालं होतं, हे समजल्यावर ठरवावं. पेशंटकडे बघून त्याला कळलं होतं. म्हणूनच त्याने विचारलं.

तू ‘मी बघते’ म्हणालीस ते मी मोडू इच्छित नाही. हे तू त्याला स्वतः सांगणार असशील तर ते माझ्या पत्रापेक्षा चांगलं होईल, कारण तुझं तो ऐकेल. तुला सांगणं जमत नसेल तर मला ते समजतं, मला एकवीस महिने जमलं नव्हतं. पण त्याच्याकडे आता तेवढे महिने नाहीत.

मध्ये ईस्टर आहे, गुड फ्रायडे आणि सोमवारी पोस्ट बंद. ते धरून मी दिवस मोजले आहेत.

तू सांगणार आहेस की मी पत्र टाकू, एवढंच मला कळव. शुक्रवार, २१ एप्रिलपर्यंत उत्तर माझ्या हातात पडेल असं पाठव. माझा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आत आहे. उत्तर आलं नाही, तर शनिवारी सकाळी मी गिरीशचं पत्र पोस्टात टाकीन.

सुनीती